मेम्ब्रेनवर पीएचडी करताय? आधी भोकं ओळखा

गॅस सेपरेशनच्या, म्हणजे मेम्ब्रेन नावाच्या पातळ पडद्यातून वायू वेगळे करण्याच्या, लॅबमध्ये नवीन आलेला प्रत्येक जण विचारतो, "पॉलिमर कोणतं घेऊ?" माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या वर्षाचा आहे.

नागपूरजवळच्या कोराडीसारख्या कोळशाच्या वीजकेंद्राच्या धुरात कार्बन डायऑक्साइड साधारण 12 ते 15 टक्के असतो, बाकी मुख्यतः नायट्रोजन. दाब मात्र वातावरणाइतकाच, म्हणजे गॅसला पलीकडे ढकलणारा जोर जेमतेम. म्हणून थर पातळ हवा. पेबॅक्स 1657 या पॉलिमरची कार्बन डायऑक्साइडसाठीची पारगम्यता (पदार्थ गॅसला किती सहज जाऊ देतो ते) सुमारे 100 बॅरर धरली, तर 10 मायक्रॉनच्या फिल्मला 10 जीपीयू (त्या जाडीच्या थरातून गॅस किती वेगाने जातो त्याचं एकक) मिळतात, 0.1 मायक्रॉनच्या थराला हिशेबाने 1000. इतका पातळ थर एकटा टिकत नाही. खाली पॉलीसल्फोनचा सच्छिद्र आधार, त्यावर पीडीएमएस या सिलिकोन रबराचा गटर लेयर (आधाराची छिद्रं झाकणारा मधला थर) आणि सगळ्यात वर पेबॅक्स, अशी रचना करावी लागते.

आणि तिथेच भोकं पडतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत, एसईएममध्येही (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातही) हमखास सापडतील असं नाही. कारण बघतो तो तुकडा अगदीच लहान. सांगतं ते कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन यांच्या प्रवाहाचं गुणोत्तर. 40 च्या वर आलं तर पेबॅक्स नीट बसलं. 10 च्या आसपास घुटमळलं तर वरचा थर फाटलाय, तुम्ही पीडीएमएसच मोजताय. 1 च्याही खाली, 0.8 कडे गेलं तर गॅस सरळ आधाराच्या छिद्रांतून चाललाय. तिथे जड कार्बन डायऑक्साइडच मागे पडतो. अर्थात निदान करण्याआधी सेलच्या (मेम्ब्रेन बसवून तपासायच्या डबीच्या) ओ-रिंगला, म्हणजे रबरी कड्याला, साबणाचं पाणी लावून बघाच. निम्मे आजार तिथेच असतात.

आपल्याकडचा खास शत्रू म्हणजे कूलर. मे महिन्यात तो बंद करा म्हटलं की सगळे रागावतात, पण त्याची दमट, धुळीची हवा ओल्या कोटिंगवर आली की थर गेलाच. कोटिंग सकाळी लवकर उरका किंवा बंद पेटीत करा. पावसाळ्यात आधाराची कास्टिंगसुद्धा (द्रावण पसरून फिल्म बनवणं) लहरी होते, तेव्हा रोजची आर्द्रता वहीत लिहा.

लॅब निवडताना एकच चौकशी करा: मेम्ब्रेनमधून मिश्र गॅस, तोही ओला, पाठवून तो जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफ, म्हणजे मिश्रणात कोणता वायू किती ते मोजणाऱ्या यंत्रावर) तपासायची सोय आहे का? नुसत्या कोरड्या, शुद्ध गॅसवरच काम चालत असेल, तर मी दुसरी लॅब शोधेन.