मागच्या चाकांचा टो आधी तपासा

जुनी स्पोर्ट्स कार ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे लेन बदलताना मागून डोलू लागली, की बहुतेक जण पुढच्या चाकांची अलाइनमेंट (कोनांची जुळणी) करून मोकळे होतात. दोष मात्र पुष्कळदा मागच्या चाकांच्या टोमध्ये, म्हणजे वरून पाहता चाकांची पुढची कड आत किंवा बाहेर किती वळलेली आहे त्या कोनात, असतो. १९८९ साली आलेल्या पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ मध्ये हा टो चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या आर्मच्या कॅम बोल्टांनी (फिरवले की आर्म किंचित सरकवणाऱ्या बोल्टांनी) जुळवावा लागतो, आणि हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या ब्रिटनसारख्या देशात हे बोल्ट बुशच्या (आर्मच्या सांध्यातल्या रबरी अस्तराच्या) नळीत गंजून पक्के बसतात.

गाडी उभी असताना मागच्या टायरवरून तळहात आडवा फिरवावा. एका दिशेने तो गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीच्या दातांसारखा लागला, तर टो बिघडलेला आहे. शिवाय आतली कड अधिक झिजली असेल, तर टो-आउटचा, म्हणजे चाके पुढच्या बाजूने बाहेर वळलेली असण्याचा, संशय घ्यावा, कारण त्या स्थितीत गाडीचा मागचा भाग वेगात स्थिर राहत नाही. (नुसते स्टिअरिंग थरथरणे हा बहुधा व्हील बॅलन्सिंगचा प्रश्न असतो.) अशी गाडी विकत घेताना विक्रेत्याच्या तोंडी हवाल्यावर न थांबता चारही चाकांचा छापील अलाइनमेंट अहवाल मागावा आणि बोल्ट खरोखर फिरतात का, हे मेकॅनिककडून पाना लावून पाहावे.