सांता फेला तीन दिवस

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात अल्बुकर्कीला उतरून गाडी घ्या, सांता फे तासाभरावर. शहर ७,००० फुटांवर आहे, म्हणून पहिल्या दिवशी धावपळ नको, पाणी पीत राहा. आईला घेऊन गेले तेव्हा आम्ही अख्खी सकाळ प्लाझात, म्हणजे शहराच्या मधल्या चौकातच काढली. समोर १६१० च्या सुमाराचा गव्हर्नरांचा वाडा. त्याच्या ओसरीत प्युब्लो आणि इतर मूलनिवासी जमातींचे कारागीर चांदी-फिरोज्याचे दागिने मांडून बसतात. घासाघीस करू नका, कसं घडवलं ते विचारा. माती-पेंढ्याच्या विटांच्या भिंतींवरून हात फिरवताना आईला माहेरचं घर आठवलं.

जेवताना ‘ख्रिसमस’ म्हणा, लाल-हिरव्या दोन्ही मिरच्यांचा रस्सा येतो.

एक दिवस बँडेलिअर या जवळच्या राष्ट्रीय स्मारकातल्या, कड्यांमधल्या गुहांसाठी ठेवा. शिड्या चढायच्या असतात, उन्हाआधी पोहोचा.