दिव्यांग कार्ड हातात आलं. आता कुठला लाभ कुठं मागायचा?

“कार्ड आलं की पैसे आपोआप चालू होतात,” असं सांगणारा एक शहाणा प्रत्येक गावात असतोच. आमच्या गावातल्याचं ऐकून धाकट्या भावाचं अख्खं वर्ष फुकट गेलं. पुढं भावकीतल्या आणि गल्लीतल्या कितीजणांचे अर्ज भरून दिले, पण ते वाक्य कानावर आलं की अजून डोकं फिरतं. कार्ड म्हणजे पुरावा, एवढंच. लाभ मागावा लागतो, आणि प्रत्येक लाभाची कचेरी वेगळी, अट वेगळी.

दाखला. स्वावलंबन पोर्टलवर, म्हणजे दिव्यांग दाखला आणि कार्डासाठीच्या सरकारी संकेतस्थळावर, अर्ज करा, रुग्णालय निवडा, बोलावतील तेव्हा कागद घेऊन हजर व्हा. कोल्हापुरात बहुतेकांचं रुग्णालय म्हणजे सीपीआर.

टक्का. आमची गाडी इथंच अडकली होती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व धरलंय, पण बहुतेक लाभांचा उंबरठा ४० टक्क्यांचा आहे. भावाचा एक पाय लहानपणापासून अधू, शिवाय एका डोळ्याची नजर गेल्यात जमा. “डोळ्याचं कशाला काढताय, पायाचंच लिहा, काम लवकर होईल,” असा सल्ला मिळाला आणि आम्ही तो ऐकला. पायाचे ३० टक्के आले. म्हणजे कार्ड असून नसल्यासारखं.

दुसऱ्यांदा दोन्ही लिहिलं. डोळ्याचे २० निघाले. ३० आणि २० मिळून ५० होतील असं घरात सगळ्यांनी धरलं होतं. तसं होत नाही. मोठा आकडा तसाच ठेवतात. ९० मधून तो वजा करून उरलेल्याला धाकट्या आकड्यानं गुणतात, ९० नं भागतात आणि आलेलं उत्तर मोठ्या आकड्यात मिळवतात. आमचं ६० गुणिले २०, भागिले ९०, म्हणजे १३ आणि वर थोडं. एकूण ४३. काठावर का होईना, आत आलो.

म्हणून सांगतो, जे जे आहे ते सगळं पहिल्याच अर्जात लिहा आणि जुन्या तपासण्यांचे कागद सोबत न्या. “डॉक्टरांसमोर जरा जास्त लंगडून दाखव,” हा सल्ला देणाऱ्याला दारातूनच वाटेला लावा. सांधा किती वळतो, स्नायूत ताकद किती, हे मोजलं जातं; नाटकाला तिथं गुण नाहीत. टक्का पटला नाही तर ९० दिवसांत अपील करता येतं. आणि दाखल्यावर ‘कायमस्वरूपी’ लिहिलंय की ‘तात्पुरता’, ते घरी पोचायच्या आत वाचा. तात्पुरत्याला मुदत असते, ती संपली की लाभही अडकतात.

आता लाभ. योजनांची नावं पाठ करत बसू नका. अट कशाची आहे ते बघा.

टक्का आणि उत्पन्न दोन्ही बघणारी मुख्य योजना म्हणजे संजय गांधी निराधार. अर्ज तहसील कचेरीत. वय ६५ च्या आत, अपंगत्व किमान ४० टक्के, आणि दिव्यांगासाठी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ५० हजारांपर्यंत. म्हणजे उत्पन्नाची मर्यादा महिन्याला ४,१६६ रुपयांची पडते. एवढ्यात घर कोण चालवतं ते अट घालणाऱ्यालाच विचारायला हवं. या योजनेतून दिव्यांगांना मिळणारे पैसे ऑक्टोबर २०२५ पासून महिन्याला १,५०० ऐवजी २,५०० रुपये झालेत. बँक खातं आधारशी जोडलेलं हवं. आम्हाला मंजुरीनंतरचे पैसे मिळाले, वाया गेलेल्या वर्षाचा रुपयाही नाही. ८० टक्के किंवा जास्त अपंगत्व असून घर दारिद्र्यरेषेखाली असेल, तर केंद्राची इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतन योजनाही विचारा.

उत्पन्न जास्त आहे म्हणून कार्ड कपाटात टाकू नका. एसटीच्या तिकिटात ७५ टक्के सवलत, सरकारी नोकरीत ४ टक्के आणि सरकारी उच्च शिक्षणसंस्थांत ५ टक्के जागा, यांना घरच्या गरिबीची अट नाही. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत उत्पन्नातून ७५ हजारांची वजावट मिळते, अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाखाची.

काही लाभ प्रकारावर ठरतात. स्वमग्नता (ऑटिझम), मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी), बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर ‘निरामय’ हा एक लाखापर्यंतचा आरोग्यविमा घ्याच. फार कमी घरांना तो माहीत असतो.

ग्रामपंचायत असो वा महापालिका, स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवावा लागतो. तोंडी विचारलं की “बघू” म्हणतात. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

निराधारचे पैसे सुरू झाले की दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो. आमच्या गल्लीतल्या एका आजींनी तो दिला नाही आणि पैसे थांबले. बँकेचं काहीतरी बिघडलंय असं समजून त्या चार महिने पासबुकच भरून आणत होत्या.