मामांची कैद लिहून घेताना

पहिल्याच दिवशी मी मामांना विचारलं, "तुम्हाला तिथे मारलं का हो?" मामा उठले आणि चष्मा शोधायला म्हणून आत गेले. चष्मा डोळ्यांवरच होता. पुढचे तीन आठवडे विषय बंद.

युद्धकैदेत राहून आलेल्या माणसाच्या आठवणी टिपायच्या असतील तर छळापासून सुरुवात करू नका. पकडले गेले त्या क्षणापासूनही नको. साधा दिवस विचारा. सकाळची गिनती किती वाजता व्हायची? शेजारी कोण झोपायचं? पांघरायला काय होतं? मामांची गाडी घोंगडीवरून सुरू झाली. दोघांत एक घोंगडी, आणि शेजारचा ती झोपेत ओढून घ्यायचा. त्या शेजाऱ्यावर मामा पाऊण तास बोलले. चौकशीची खोली त्याच ओघात आली, मी न विचारता.

बसण्याआधी १९४९ चा तिसरा जिनिव्हा करार, म्हणजे युद्धकैद्यांना कसं वागवायचं याचे नियम, चाळून ठेवा. सगळा वाचायची गरज नाही. कलम १७: चौकशीत कैद्याने नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैन्यक्रमांक एवढंच सांगायचं. कलम ७०: छावणीत पोचल्यावर फार तर आठवड्याभरात त्याला घरी कार्ड लिहू द्यायचं. कलम ७१: मर्यादा घातलीच, तरी महिन्याला किमान दोन पत्रं आणि चार कार्डं. हे पाळलं गेलंच असेल असं नाही, पण यातून नेमके प्रश्न मिळतात. "कार्ड कधी लिहायला दिलं?" म्हटल्यावर मामा हसले. कार्ड घरी पोचलं खरं, पण अक्षर आपल्या मुलाचं नाही म्हणून आजी ते खरं मानेना. मामांचा उजवा हात सुजलेला होता, मजकूर दुसऱ्याने लिहून दिला होता. हात का सुजला होता ते मी विचारलं नाही.

रेकॉर्डिंगचा फोन समोर, दिसेल असा ठेवा. एका बैठकीला चाळीस मिनिटं पुरे, आणि तीही सकाळी. संध्याकाळी बोललं की त्या रात्री मामा जागे असायचे, हे मामीने सांगितलं तेव्हा कळलं.

आकडे बदलतात. कैद एकदा दहा महिने, एकदा चौदा. टोकू नका, दोन्ही लिहा. मेळ नंतर कागदांवरून घालता येतो: जुनी पत्रं, सुटकेची नोंद. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीकडेही युद्धकैद्यांच्या नोंदी असतात. कुटुंबीयांना तिथे विचारणा करता येते.

ते गप्प झाले तर तुम्हीही गप्प बसा. मला हे सगळ्यांत अवघड गेलं. मी लगेच पाणी आणायला धावायचो.

एका साथीदाराबद्दल काही सांगून झाल्यावर मामा म्हणाले, "हे नको." वहीतलं पान मी तिथेच फाडून त्यांच्या हातात दिलं, रेकॉर्डिंगही त्यांच्यासमोर पुसलं. पुढच्या रविवारी मी पोचलो तेव्हा ते आधीच खुर्ची ओढून बसले होते.