विण्याआधीचे नव्वद दिवस: मांसल गुरांच्या कळपाचं हंगामी काम

मांसासाठी गुरं पाळताना वर्षाचा सगळा हिशेब एका आकड्यावर येऊन थांबतो: ८२ दिवस. गाईचा गाभणकाळ साधारण २८३ दिवसांचा. दरवर्षी एक वासरू हवं असेल, तर व्याल्यानंतर ८२ दिवसांच्या आत ती पुन्हा गाभण राहायला हवी. त्यातले चाळीसेक दिवस गर्भाशय पूर्ववत होण्यातच जातात. उरतात जेमतेम दोन माज. अंगानं उतरलेली गाय या काळात माजावरच येत नाही, मग वळू कितीही चांगला असो. म्हणून पशुपालकांसाठी गाईंच्या अंगस्थितीवर कार्यशाळा घ्यायची असेल तर ती विण्याच्या हंगामाआधी तीन महिने घ्या. व्यायल्यावर घेतली की ऐकणाऱ्यांच्या हातात करण्यासारखं फारसं उरत नाही.

कार्यशाळेचा पहिला तास सभागृहात घालवू नका. लोकांना थेट खोड्याजवळ, म्हणजे गुरं अडकवून धरायच्या चौकटीजवळ न्या. दहा गाई, पंधरा-वीस माणसं, प्रत्येकाच्या हातात कागद. अंगस्थितीचे गुण १ ते ९ असतात. १ म्हणजे हाडांचा सापळा, ९ म्हणजे चरबीनं थबथबलेली. विताना जुन्या गाईला ५ आणि पहिलारूला, म्हणजे पहिल्यांदाच विणाऱ्या गाईला ६ गुण असावेत. पहिलारू स्वतः अजून वाढत असते, म्हणून तिला एक गुण जास्त.

गुण डोळ्यांनी देऊ नका, हातानं द्या. थंडीतली दाट लव फासळ्या झाकते आणि गाभणपणाचं मोठं पोट गाय भरलेली असल्याचा भास करतं. तळहात शेवटच्या दोन फासळ्यांवर सपाट ठेवा, मग कमरेच्या आडव्या हाडांची टोकं बोटांनी चाचपा, शेवटी शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना दाबून पाहा. टोकं टोचल्यासारखी लागली तर ४ किंवा कमी. जरा दाबल्यावर लागली आणि शेपटीच्या मुळाशी नुकती चरबी जाणवली तर ५. तिथं मऊ गादी लागली तर ६ किंवा जास्त. प्रत्येकानं आधी आपला आकडा लिहावा, मगच चर्चा करावी. नाहीतर सगळे अनुभवी माणसाच्या तोंडाकडे बघून लिहितात आणि कुणाचाच हात तयार होत नाही.

एक गुण वाढवायचा म्हणजे सुमारे ४० किलो वजन चढवायचं. नव्वद दिवसांत ते रोज अर्ध्या किलोच्या आतच पडतं, शिवाय पोटातल्या वासराची वाढ वेगळी. हे जमण्यासारखं आहे. व्यायल्यावर मात्र खाल्लेलं आधी दुधाकडे जातं, आणि तेवढाच गुण चढवायला कितीतरी जास्त खाद्य लागतं.

खाद्य ठरवण्याआधी वैरण तपासून घ्या. एकाच कापणीच्या १५ ते २० गठ्ठ्यांमधून नळीनं नमुने काढा, एकत्र करून हवाबंद पिशवीत प्रयोगशाळेत पाठवा. वरवरची मूठभर वैरण ओढून पाठवली तर अहवालाचा उपयोग नाही, कारण पानं गळून काड्याच हातात येतात. कच्ची प्रथिनं ७ टक्क्यांच्या खाली असतील तर पोटातले जीवाणूच उपाशी राहतात. वैरण पचत नाही, गाय कमी खाते, पोट मात्र फुगलेलं दिसतं. इथं धान्य वाढवणं ही नेहमीची चूक: चोथा पचण्याचं काम त्यानं आणखी मंदावतं. आधी पेंड देऊन प्रथिनांची भर घाला. शेवटच्या तीन महिन्यांत आहारात ८-९ टक्के, व्यायल्यावर ११च्या आसपास प्रथिनं लागतात.

किडकिडीत गाई आणि पहिलारू वेगळ्या करा. एकत्र ठेवल्या की दांडगट गाई त्यांना गव्हाणीवरून हुसकतात, आणि त्यांच्यासाठी आणलेली पेंड भलतीच गाय खाते.

थंडीत वाऱ्याला आडोसा आणि कोरडी जागा हवीच. कोरडी दाट लव असलेली गाय उणे ८ अंशांपर्यंत तग धरते. तीच पावसात भिजली की १५ अंशांच्या खाली गेल्याबरोबर ऊब राखायला जास्तीचं खाद्य मागते.

विताना पाण्याची पिशवी दिसल्यावर जुनी गाय अर्धा तास आणि पहिलारू एक तास पुढे सरकली नाही, तर थांबू नका, पशुवैद्याला बोलवा. ३५ किलोच्या वासराच्या पोटात पहिल्या दोन-चार तासांत सुमारे दोन लिटर चीक जायला हवा, बारा तासांत पुन्हा तेवढाच. चोवीस तासांनंतर चिकातली रोगप्रतिकारक द्रव्यं आतड्यातून रक्तात जाणं बंद होतं.

कोवळं, हिरवंगार गवत आलं की दुभत्या गाईंना मॅग्नेशियमची चणचण पडते. अंग थरथरतं, गाय पडते, तासाभरात मरूही शकते. शरीर मॅग्नेशियम साठवून ठेवत नाही, म्हणून कुरणात सोडण्याआधी दोन-तीन आठवडे ते खनिज मिश्रणातून रोज पोटात जायला हवं. मॅग्नेशियम ऑक्साइड कडवट असतं. मीठ किंवा मळीत मिसळलं नाही तर गाई तोंड लावत नाहीत.

वळूची तपासणी फळवण्याच्या दोन महिने आधी करा. शुक्राणू तयार व्हायला साठेक दिवस लागतात, त्यामुळे मध्येच येऊन गेलेला तापही फळवण्याच्या दिवसांत आडवा येतो.

वासरं सहा-सात महिन्यांची झाली की तोडा, म्हणजे आईच्या दुधापासून वेगळी करा, आणि त्याच दिवशी गाभण तपासणी करून पुन्हा पाठीवर हात फिरवा. ज्या गाईचे अंगस्थितीचे गुण ४च असतील तिचं वासरू महिनाभर आधीच तोडा. दूध आटल्यावर ती नुसत्या चांगल्या वैरणीवरही अंग धरते.