बजेटमधे घराचा नकाशा कसा बसवायचा, आपल्या खान्देशातल्या उन्हासाठी

आधी पायाचा खर्च काढा. तापीकाठी काळी माती, पावसात फुगते न उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया नीट न्यावा लागतो आणि तिथंच बराच पैसा जातो. थोडा पैसा राखून ठेवा, मग उरलेल्यात किती स्क्वेअर फूट होतं ते बघा.

३० बाय ४० चा प्लॉट म्हणजे १२०० स्क्वेअर फूट, पण चारी बाजूंची सोडायची जागा त्यातूनच जाते.

जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, त्यामुळे पश्चिमेला बेडरूम अजिबात नको हो, भिंत रात्री उशिरापर्यंत तापलेली राहते, आईवडील-लेकरं झोपणार कशी? तिकडे जिना, बाथरूम, धान्याची कोठी टाका. किचन न बाथरूम एकाच भिंतीला पाठ लावून घेतले की पाइप कमी लागतो.

पॅसेज शक्यतो टाळाच, ३ फूट रुंद न २० फूट लांब म्हणजे ६० स्क्वेअर फूट नुसते चालायला गेले, एवढ्यात छोटी ओसरी होते!

जिना बाहेरूनच घ्या, म्हणजे पुढे वरचा मजला चढवताना खालचं घर तोडावं लागत नाही, आणि कुरडया-पापड वाळवायला बायांना थेट गच्चीवर जाता येतं.