कपाट सरकवून मागची भिंत बघा, रंगाचं नंतर

आपल्याकडं आषाढ लागला की चपलांवर पांढरा बुरा, बेल्ट हिरवट, गादीला कुबट वास, आणि आपण म्हणतो पावसाळा हाय, चालायचंच. मी पण तेच म्हणत होतो. आमच्या चार वर्षांच्या भाचीचा खोकला जूनपासून हटेना, सिरप झाली, वाफा झाल्या, मग गणपतीला आठ दिवस गावाकडं राहिली तर खोकला बंद, आणि परत आली की दोन रात्रीत सुरू. डॉक्टरांनी विचारलं, पोरगी झोपते कुठं? घरी येऊन तिच्या कॉटजवळचं लोखंडी कपाट सरकवलं तर मागं कंबरेएवढी भिंत बुरशीनं काळी.

म्हणून सांगतो, बुरशी म्हणजे नुसता डाग नाही. तिचे बारीक कण हवेत उडतात, डोळ्यांना दिसत नाहीत आणि श्वासातून आत जातात. शिंका, नाक चोंदणं, डोळे चुरचुरणं, कोरडा खोकला, आणि दमा असेल तर तो उसळतोच. लहान पोरं, म्हातारी माणसं, दमेकरी आणि कॅन्सरची केमो वगैरे चालू असलेले, यांना जास्त धोका. इंग्लंडात रॉचडेलला 2020 मध्ये दोन वर्षांचं पोर घरातल्या बुरशीमुळं श्वासाचा त्रास होऊन वारलं, नंतर तिथं भाड्याच्या सरकारी घरांसाठी कायदाच बदलावा लागला.

एक गैरसमज पण काढून टाका. 2021 ला आपल्या कोल्हापुरात महापूर आणि म्युकरमायकोसिस एकाच वर्षी आलं, तेव्हापासून भिंत काळी दिसली की लोक घाबरतात. तो ‘काळी बुरशी’ आजार वेगळा, त्यातला काळा रंग मेलेल्या पेशींचा असतो. पण शुगर कंट्रोलमध्ये नसेल तर बुरशी साफ करायचं काम त्या माणसानं करू नयेच.

आता कामाचं. पहिलं ओल कुठनं येते ते शोधा, नाहीतर बाकी सगळं वाया. प्लॅस्टिकचा हातभर तुकडा भिंतीला चारी बाजूंनी टेपनं चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला पाणी जमलं तर ओल भिंतीतनं येते, म्हणजे गच्चीची भेग, फुटका पाइप नाहीतर घराच्या पायातनं चढणारं पाणी. बाहेरच्या बाजूला जमलं तर हवेतली, म्हणजे आत वाळत घातलेले कपडे, भाताची वाफ, बाथरूमचं उघडं दार. आमच्यात गच्चीची भेग निघाली, आणि आम्ही दोन वर्षं वरनं रंग मारत बसलेलो! रंगाखाली बुरशी मरत नाही, पोपडे धरून परत वर येते.

साफ करताना पोरांना दुसऱ्या घरी पाठवा, एन-95 मास्क (रुमाल नको), हातमोजे, चष्मा घाला, खिडकी उघडी ठेवा पण पंखा बंद, नाहीतर सगळे कण घरभर उडतील. कोरडा झाडू किंवा ब्रश अजिबात मारू नका, आधी पाणी फवारून ओलं करा, मग कपडे धुवायच्या पावडरच्या पाण्यानं घासा, पुसा आणि पूर्ण वाळू द्या. फडकी पिशवीत बांधून टाका. टाइल्सवर ब्लीच चालतं, पण ब्लीच आणि संडासचं ॲसिड एकत्र कधीच नको, त्यातनं क्लोरीन गॅस निघतो आणि बंद बाथरूममध्ये माणूस गुदमरतो. गादी, उशी, पुठ्ठा यात बुरशी मुरली असेल तर जीव न लावता टाकून द्या. तीन फूट बाय तीन फुटापेक्षा जास्त भिंत गेली असेल तर स्वतः नको, माणूस बोलवा.

पूरपट्ट्यातल्यांनी, म्हणजे आंबेवाडी, चिखली, कोल्हापूर शहरात उत्तरेश्वर, शुक्रवार पेठ, जरा जास्त काळजी घ्यावी. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 43 फुटाला धोक्याची पातळी गाठते तेव्हा आपण सामान वर उचलतो, पण पाणी ओसरल्यावर काय, ते कोण बघतच नाही. ओल्या वस्तूवर बुरशी एक-दोन दिवसांत धरते. त्यामुळं गाळ काढला की लगेच गाद्या, फर्निचर बाहेर, आणि भिंत आतनं वाळल्याशिवाय गिलावा-रंग करूच नका, त्याला कधीकधी महिने लागतात.

रोजचं म्हणाल तर कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. आणि खिडक्या उघडायच्या त्या उघडीप पडल्यावर, धो धो पाऊस पडायलाय तेव्हा उघडून उलट बाहेरची ओल आत येते. हवेतली आर्द्रता मोजायचं छोटं मीटर मिळतं, ते 60 टक्क्यांच्या खाली राहील असं बघा. शेंगदाण्याला बुरा आला असेल तर ते भाजून पण खाऊ नका, त्यातलं विष भाजल्यानं पूर्ण जात नाही.

छातीत शिट्टी वाजत असेल, बोलताना दम लागत असेल, पोराच्या बरगड्या आत ओढल्या जात असतील तर साफसफाई राहू दे, आधी दवाखाना गाठा. आणि डॉक्टरांना त्या भिंतीचा मोबाईलवरचा फोटो दाखवा, घराबाहेर गेलं की खोकला कमी होतो का तेही सांगा.